करकरीत सफरचंद : घ्यावं कसं, ठेवावं कसं आणि कशासाठी खावं

घटस्थापना आठ दिवसांवर आली आहे. म्हणजे घरोघरी उपास, आणि उपास म्हटला की भगर, साबुदाणा, शेंगदाणे आणि फळं. याच दिवसांत काश्मीरची सफरचंदं ट्रकच्या ट्रक भरून आपल्याकडे येतात आणि एरवी हात लावू न देणारं हे फळ जरा आवाक्यात येतं. आपल्या गटांतल्या पाच-सहा जणी नवरात्रात फळांची पाटी लावतात. पुढे कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांची रांग लागते, तेव्हा रस्त्याच्या कडेलाही बसतात. मागच्या बैठकीत त्यांनीच सांगितलं, ताई, या वेळी सफरचंदावर बोला. म्हणून आजचं बोलणं विकणाऱ्यांसाठी आहे, तसंच विकत घेऊन लेकरांना, आजाऱ्याला, बाळंतिणीला खाऊ घालणाऱ्यांसाठीही आहे.

विकणाऱ्यांनी हा विषय का काढला, ते आधी सांगते. गेल्या वर्षी आपल्या एका मैत्रिणीने गटातून अंतर्गत कर्ज काढून सफरचंदाच्या दोन पेट्या आणल्या. माल चांगला होता. तिने पेट्या पत्र्याच्या खोलीत ठेवल्या, शेजारी पिकत घातलेली केळी, वर प्लास्टिकचा कागद. पाचव्या दिवशी पेटी उघडली तर वरून लालभडक आणि चावलं तर रव्यासारखं. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा फिरकलं नाही. कर्जाचा हप्ता तिने खुरपणीच्या मजुरीतून भरला.

आता हिशेब बघा. समजा पेटी १,८०० रुपयांना पडली आणि तिच्यात १०० फळं निघाली. म्हणजे एक फळ १८ रुपयांना. ते २५ ला विकलं तर सगळा माल खपल्यावर ७०० सुटतात. पण २८ फळं मऊ पडून टाकावी लागली, तर उरलेल्या ७२ फळांचे बरोबर १,८०० येतात. गाडीभाडं अंगावर आणि नऊ दिवसांची मेहनत फुकट. फळाच्या धंद्यातला नफा घेताना जितका असतो, तितकाच ठेवताना असतो.

सफरचंद करकरीत का लागतं आणि मग पिठूळ का होतं, हे एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. फळाचा गर म्हणजे रसाने भरलेल्या अगदी बारीक पिशव्या. त्या एकमेकींना चिकटवून ठेवणारा एक डिंकासारखा पदार्थ असतो, त्याला पेक्टिन म्हणतात. ताज्या फळात हा डिंक घट्ट असतो. आपण चावलं की पिशव्या फुटतात, कट्टकन आवाज येतो आणि रस तोंडात येतो. फळ जास्त पिकलं की डिंक विरघळतो. मग चावल्यावर पिशव्या फुटतच नाहीत, नुसत्या सुट्या होतात. रस आतच राहतो आणि जिभेला कोरडा रवा लागतो. म्हणजे पिठूळ सफरचंदात पाणी नसतं असं नाही, ते आपल्याला मिळत नाही. आणखी एक गंमत सांगते. सफरचंदाच्या आकारमानात सुमारे पाव भाग हवा असते, म्हणून ते पाण्यात तरंगतं. आज घरी लेकरांना करून दाखवा.

आता जातीचं. आपण बाजारात लांबुळकं, गडद लाल, खाली पाच उंचवटे असलेलं सफरचंद बघतो. ते बहुतेक डेलिशियस जातीचं किंवा तिच्या गोतातलं. दिसायला सगळ्यांत देखणं, पण उन्हात लवकर पिठूळ होतं. गेल्या काही वर्षांत त्याच्या शेजारी दुसरं एक ठेवलेलं दिसतं. ते गोल, गुलाबीसर लाल, त्यावर पिवळट-हिरव्या रेघा, रंग जरा फिका. ते फुजी. आपल्या बायका रंग बघून डेलिशियस उचलतात आणि फुजीला ‘कच्चं दिसतंय’ म्हणून बाजूला सारतात. माझं म्हणणं आहे, एकदा चाखून बघा. फुजी घट्ट, रसाळ, गोड, आणि टिकायला पक्कं. ज्यांच्याकडे फ्रीज नाही आणि पाटीवर माल चार दिवस राहणार आहे, त्यांनी तर पहिल्यांदा फुजीच विचारावं. भाव थोडा जास्त असला तरी टाकाऊ कमी निघतं.

हे फुजी मूळचं जपानचं. तिथे आओमोरी म्हणून उत्तरेकडचा थंड भाग आहे, सफरचंदासाठी प्रसिद्ध. तिथल्या फुजिसाकी गावच्या संशोधन केंद्रात १९३९ साली दोन अमेरिकन जातींचा संकर केला. एक रेड डेलिशियस आणि दुसरी राल्स जॅनेट नावाची जुनी, टिकाऊ जात. रोपं वाढवायची, फळं धरू द्यायची, चाखायची, वर्षानुवर्षं पारखायची, असं करत १९६२ साली तिला फुजी हे नाव देऊन बाहेर काढलं. म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ गेला. गावाच्या नावावरून फळाचं नाव. आता ही जात काश्मीर आणि हिमाचलच्या बागांतही लावली जाते. तेव्हा फुजी म्हणजे परदेशी आणि डेलिशियस म्हणजे आपलं, असं काही नाही. डेलिशियससुद्धा अमेरिकेतूनच आलेलं आहे, आणि नात्याने ते फुजीच्या आई-बापांपैकी एक लागतं.

पेटी घेताना काय बघायचं? वरचा थर बघून कधीच घेऊ नका. वरचा थर सजवलेलाच असतो. व्यापाऱ्याला सांगा, खालच्या थरातली चार फळं काढून दाखवा. काढू देत नसेल तर दुसऱ्या गाळ्यावर जा. फळ हातात घेतलं की आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे. देठाजवळ कातडी सुरकुतलेली नको. अंगठ्याने हलकेच दाबा, दबलं तर ठेवून द्या. कातडीला बोट लावल्यावर तेलकट, चिकट लागत असेल तर ते फळ जास्त पिकलेलं समजा. आणि एक फळ कापून खाऊन बघायला लाजू नका. हजार-दोन हजारांचा माल घेतोय आपण.

हंगामाचंही ध्यानात ठेवा. हिमाचलचं सफरचंद जुलैपासून यायला लागतं, काश्मीरचं जोरात येतं ते सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. म्हणून नवरात्र-दिवाळीचं फळ ताजं असतं. मार्च-एप्रिलमध्ये मिळणारं आपल्या देशातलं सफरचंद शीतगृहातून येतं. तिथे शून्याच्या आसपास थंडी ठेवतात, हवेतला प्राणवायू कमी करतात, त्यामुळे फळ जणू झोपी जातं. वाईट काही नाही त्यात. पण असं फळ आपल्याकडच्या ४० अंशांच्या उन्हात आणून टाकलं की झोपेतून उठून धावतच सुटतं. तेव्हा उन्हाळ्यात डझनाने घेऊ नका, दोन-तीन दिवसांचंच घ्या.

ठेवण्याचं मुख्य गणित एवढंच आहे : थंड, ओलसर हवा आणि एकटं. थंडीत पिकणं मंदावतं. हवा ओलसर असली की फळ सुरकुतत नाही. आणि एकटं का, तर सफरचंद पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतं. त्याला वास नाही, रंग नाही, पण तो शेजारच्या सगळ्यांना पिकवतो. केळी, पपई, चिकूही हा वायू सोडतात. वर सांगितलेल्या खोलीत नेमकं हेच झालं. पत्र्याखाली उष्णता, प्लास्टिकखाली वायू कोंडलेला आणि शेजारी केळी. मेथी-कोथिंबीर सफरचंदाशेजारी ठेवली तर पिवळी पडते, गाजरं कडवट होतात. म्हणून फ्रीज असेल तर सफरचंद वेगळ्या, भोकं पाडलेल्या पिशवीत खालच्या कप्प्यात ठेवा, भाजीत मिसळू नका. बर्फाच्या कप्प्याला चिकटूनही नको, गोठलेलं फळ आतून काळपट होतं.

याच वायूचा फायदाही करून घेता येतो. घरची केळी किंवा चिकू पिकवायचे असतील तर टोपलीत मधोमध दोन पिकलेली सफरचंदं ठेवा आणि वरून सुती कापड झाका. पिकवण्याच्या पुड्या मिळतात त्या आणू नका. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, आणि ती पुडी हाताळणाऱ्या बाईच्या हातांना-डोळ्यांनाही त्रास देते.

फ्रीज नसेल तर? एक मोठी मातीची कुंडी आणि तिच्यात बसेल असं लहान मडकं घ्या. मधल्या जागेत वाळू भरा आणि ती सकाळ-संध्याकाळ ओली करा. मडक्यात सफरचंदं ठेवून वरून ओलं फडकं टाका. वाऱ्याच्या, सावलीच्या जागी ठेवा. माठातलं पाणी जसं गार होतं तसंच हे काम करतं. प्रत्येक फळ जुन्या सुती साडीच्या तुकड्यात किंवा कोऱ्या कागदात गुंडाळा, म्हणजे एक नासलं तर शेजारच्याला लागत नाही. ठेवण्याआधी फळं धुऊ नका. ओल्या सालीवर बुरशी लवकर धरते. धुवायचं ते खाण्याआधी. आणि दर दोन दिवसांनी हात फिरवा, मऊ पडलेलं आधी खाऊन टाका.

ज्यांना पेट्यांनी माल ठेवायचा आहे त्यांच्यासाठी हेच तंत्र मोठ्या आकारात आहे. दिल्लीच्या पुसा येथील भारतीय कृषी संशोधन संस्थेने शून्य ऊर्जा शीतकक्ष तयार केला आहे. वीज लागत नाही. विटांचा एक थर जमिनीवर पसरायचा, त्यावर साडेपाच फूट लांब आणि पावणेचार फूट रुंद असा विटांचा दुहेरी कठडा उभा करायचा, उंची सव्वादोन फूट. दोन भिंतींच्या मध्ये तीन इंच जागा सोडून तिच्यात नदीची वाळू भरायची. साधारण ४०० विटा लागतात. वर बांबूची चौकट आणि वाळा किंवा गोणपाट, त्याच्याही वर सावलीचं छप्पर. सुरुवातीला विटा-वाळू चिंब भिजवायची, मग दिवसातून दोनदा पाणी. कोरड्या उन्हाळ्यात आत बाहेरच्यापेक्षा १० ते १५ अंशांनी गार राहतं. आमच्या ग्रामसंघाच्या खोलीमागे गेल्या उन्हाळ्यात एक बांधला, विटा पडक्या घराच्या मिळाल्या. भाजी त्यात उत्तम राहते. मात्र पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा त्याचा फारसा उपयोग नाही. कोकणातल्या मैत्रिणींनी त्यावर खर्च करू नये. आणि फळांचे दिवस असले की त्यात पालेभाजी घालायची नाही, हे आमच्या पाटीवाल्या मैत्रिणींना मी बजावून सांगितलं आहे.

आता खाण्याविषयी. इथे मला जरा स्पष्ट बोलायचं आहे.

आमच्या गटातल्या एका मावशींची सून पाचव्या महिन्यात होती. तपासणीत एचबी आठ निघालं. मावशी मायाळू. त्या दर बाजाराला दोनशे रुपयांची सफरचंदं आणायच्या, रोज एक कापून सुनेला द्यायच्या. ‘बघा ना ताई, कापल्यावर लाल-तांबूस होतं, लोहच आहे त्यात.’ आणि आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या? त्या फडताळात तशाच. मळमळतं म्हणून सुनेने घ्यायच्या सोडल्या होत्या, आणि सासूला वाटलं, सफरचंद चाललंय ना.

मैत्रिणींनो, कापलेलं सफरचंद तांबूस होतं ते लोहामुळे नाही. फळातल्या काही द्रव्यांना हवा लागली की एका विकराच्या क्रियेने तो रंग येतो. वांगं, बटाटा कापल्यावर काळा पडतो, तीच गोष्ट. लिंबाचा रस चोळला किंवा मिठाच्या पाण्यात फोडी टाकल्या तर रंग उशिरा येतो. लोह असतं तर लिंबाने गेलं असतं का? शंभर ग्रॅम सफरचंदात लोह फार तर पाव मिलीग्रॅम, बहुतेकदा त्याहूनही कमी. गरोदर बाईला रोज २७ मिलीग्रॅमच्या आसपास लागतं. ते सफरचंदातून मिळवायचं तर दिवसाला दहा किलोंच्या वर खावं लागेल.

गरोदरपणात एचबी ११ च्या खाली म्हणजे रक्त कमी. ७ च्या खाली म्हणजे धोका, थेट दवाखाना. रक्त कमी असलेल्या बाईला बाळंतपणात थोडा रक्तस्राव झाला तरी तो जिवावर बेततो. हे दोनशे रुपयांच्या सफरचंदाने भरून निघत नाही. उपकेंद्रात फुकट मिळणारी लोह आणि फॉलिक ॲसिडची गोळी चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशी निदान १८० दिवस घ्यायची. रक्त फार कमी असेल तर किती घ्यायची ते डॉक्टर सांगतील. मळमळत असेल तर रात्री जेवणानंतर घ्या. शौचाला काळी होते, घाबरायचं कारण नाही. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळीही तिच्यासोबत नको. लिंबूपाणी किंवा पेरूची फोड चालेल, त्यातल्या क जीवनसत्त्वाने लोह अंगी लागतं. ताटात बाजरीची भाकरी, राजगिऱ्याची भाजी, कारळ्याची चटणी, अळिवाचा लाडू, खात असाल तर अंडी-मटण. मात्र अळीव गरोदरपणात न घेता बाळंतपणानंतर घ्यायची आपल्याकडची रीत आहे, ती तशीच राहू द्या.

मग सफरचंदात आहे तरी काय? शंभर ग्रॅममध्ये सुमारे ८५ ग्रॅम पाणी, दहा ग्रॅमच्या आसपास साखर, सालीसकट खाल्लं तर दोन-अडीच ग्रॅम तंतू, थोडं पोटॅशियम. क जीवनसत्त्व पाच मिलीग्रॅमच्या आसपास. तेवढ्याच वजनाच्या पेरूत ते दोनशेच्या वर असतं. तेव्हा आपल्या बांधावरच्या पेरूला, आवळ्याला, बोराला कमी लेखून सफरचंदासाठी कुणी उसने पैसे काढू नयेत. सफरचंदाचा खरा गुण तंतूंचा. लोहाच्या गोळ्यांनी पोट कडक होतं, तेव्हा सालीसकट एक सफरचंद खरोखर उपयोगी पडतं. मावशींना मी तेच सांगितलं : सफरचंद बंद करू नका, गोळीच्या सोबतीला ठेवा. सुनेने गोळ्या पुन्हा सुरू केल्या. बाळंतपण तालुक्याच्या दवाखान्यात झालं, दोघं सुखरूप आहेत. ज्यांना साखरेचा आजार आहे त्यांनी रस काढून पिऊ नये, लहानसं फळ चावून खावं. रस काढला की तंतू चोथ्यात जातो आणि साखर तेवढी पोटात.

साल काढायची का, हे सगळ्याच विचारतात. तंतूंचा बराच भाग सालीत आणि तिच्या लगत असतो, म्हणून काढू नका, नीट धुवा. चिकटवलेला कागद काढून टाका. लिटरभर पाण्यात खायच्या सोड्याचे दोन चमचे टाकून फळ पंधरा मिनिटं ठेवा, मग साध्या पाण्याने चोळून धुवा. सालीच्या वरवर असलेलं औषध बरंचसं निघतं. चकाकीची भीती फार पसरली आहे. सफरचंदाच्या अंगचंही मेण असतं, आणि वरून लावायला मधमाशीच्या मेणासारखी ठरावीक मेणंच चालतात. कोमट पाण्याने चोळलं की पुष्कळ निघतं.

आदळून डाग पडलेलं फळ वाया घालवू नका. तेवढा भाग कापा, बाकीच्याचा शिरा किंवा मुरांबा करा. पिठूळ झालेलं तर मुरांब्याला चांगलंच. पण बुरशी धरलेलं, नासका वास येणारं अख्खं टाका. एक बाजू कापून दुसरी खायची नाही, कारण बुरशीचं विष आत पसरलेलं असू शकतं. गुरांनाही ते नको, उकिरड्यात जाऊ द्या. आणि गुरांना चांगलं फळ घालायचं झालं तरी चिरून घाला, अख्खं सफरचंद गाईच्या घशात अडकतं.

दोन बहिणींनी विचारलंय, आपल्या शेतात सफरचंद येईल का? नेहमीच्या जातींना हिवाळ्यात शेकडो तासांची कडाक्याची थंडी लागते, ती आपल्याकडे नाही. हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या पनियाला गावचे शेतकरी हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-९९ ही उष्ण भागात येणारी जात शोधली, तिला जूनमध्ये फळ येतं. महाराष्ट्रातही काहींनी लावली आहे. हौस असेल तर परसात दोन रोपं लावून बघा. गटाच्या कर्जावर बाग मात्र आत्ताच नको.

शेवटचं, लहान लेकरांचं. सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू झालं की सफरचंद वाफवून, कुस्करून द्या. दात नीट आले नसतील तर कच्ची करकरीत फोड हातात देऊ नका, ती घशात अडकते. मोठ्या मुलांना बारीक चकत्या. चुकून एखादी बी गिळली तर काही होत नाही, पण मूठभर बिया चावून खायच्या नसतात.

शीतकक्ष बघायचा असेल त्यांनी सोमवारी बैठकीच्या आधी अर्धा तास या. येताना हातात फूटपट्टी असू द्या, मापं लिहून घेता येतील.